विरोधावर चालणारा हॅमर

डिझेलच्या हॅमरची एक खोड आहे. ती आधी सांगते, कारण ती कळल्याशिवाय माझे बाबा कळायचे नाहीत.

हॅमर म्हणजे खिळे ठोकायचा हातोडा नव्हे. इमारतीच्या पायासाठी जमिनीत काँक्रीटचे लांबलचक खांब ठोकतात, त्यांना आम्ही पाइल म्हणतो. त्या पाइलच्या डोक्यावर बसून त्याला खाली हाणणारं लोखंडी धूड म्हणजे हॅमर. डिझेलच्या हॅमरमधलं वजन एकदा दोराने वर ओढून सोडलं की ते खाली आदळतं, त्या दणक्याने आत डिझेलचा भडका उडतो, पाइल खाली जातो आणि वजन आपसूक पुन्हा वर उडतं. मग पुन्हा दणका, पुन्हा भडका. पण हे कधी? पाइल जमिनीत अडून बसला तरच. माती मऊ असली आणि पाइल मुकाट्याने खाली सरकला, तर भडकाच उडत नाही. हॅमर एकदा खोकतो आणि गप्प होतो. त्याला चालायला विरोध लागतो.

हे मी आईला सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मग यात नवीन ते काय? ह्यांचंही तेच आहे. 'नका जाऊ' म्हटलं की पायात चपला. 'बरं, जा' म्हटलं की पलंगावर आडवे."

बाबांची सगळी हयात त्या एका हॅमरखाली गेली. साइटवर त्यांना सगळे वस्ताद म्हणतात. मी त्याच मालकाकडे नोकरीला आहे, पण माझं काम वेगळं. पाइलच्या डोक्याखाली सेन्सर बसवायचे आणि हॅमरच्या दणक्यातली किती ताकद खरोखर पाइलपर्यंत पोचली ते बघायचं. ताटात वाढलेलं सगळं अंगी लागतंच असं नाही, तसंच हॅमरचं आहे. थोडी ताकद धुरात जाते, थोडी पाइलच्या डोक्यावर ठेवलेल्या लाकडाच्या गादीत मुरते, आणि बरीचशी नुसत्या आवाजात. बाबांच्या हॅमरची आवाजातच जास्त जात असावी असं मी त्यांना लहानपणापासून चिडवत आले आहे.

त्या आवाजानेच घोळ केला. साइट एका मोठ्या दवाखान्यासमोर होती आणि इमारतही त्याच दवाखान्याची बांधायची होती. पहिला पाइल ठोकला त्याच दिवशी समोरच्या खिडक्यांतून नर्स, पेशंट, पेशंटचे नातेवाईक असे सगळे डोकावायला लागले. दुसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर स्वतः चालत आले आणि मालकांना म्हणाले, "तुम्ही आम्हाला इमारत देताय की पेशंट?"

मालकांनी लगेच भाड्याने एक हायड्रॉलिक हॅमर चाचणीसाठी मागवला. हा तेलाच्या दाबावर चालतो. धूर नाही, आणि चारी बाजूंनी आवाज अडवणारी पेटी. त्याच्याबरोबर कंपनीचा एक ऑपरेटर आला. गोरागोमटा, बडबड्या, आल्या आल्या सगळ्यांना चहा पाजणारा. त्याचं नाव साइटवर कुणी विचारलंच नाही, त्याला सगळे पाहुणा म्हणायला लागले. मालकांना मात्र शंका होती. आवाज कमी म्हणजे दम कमी, असं त्यांचं गणित. म्हणून ठरलं की आधी बाबांच्या हॅमरने काही पाइल ठोकायचे, मग शेजारीच पाहुण्याच्या हॅमरने. जमीन तीच, पाइल तसेच, दोन्ही हॅमरची वजनं जवळपास सारखी. आणि दोघांचं मोजमाप माझ्याकडे.

"मुलगी मोजणार आणि बाप ठोकणार," पाहुणा हसत म्हणाला. "आमचं काही खरं नाही."

"उलट आहे," मी म्हटलं. "बापाचं काही खरं नाही."

बाबांनी त्याच संध्याकाळी घरी जाहीर केलं, "त्याचा हॅमर सरस ठरला तर मी काम सोडणार. घरी बसणार."

आईच्या हातातली पळी थांबली. "कुठल्या घरी?"

"आपल्याच."

"दिवसभर?"

बाबा टीव्हीकडे वळले. टीव्हीचा आवाज आधीच एवढा मोठा होता की शेजाऱ्यांनाही बातम्या कळत होत्या. आईने मला स्वयंपाकघरात ओढलं. "हे बघ, तू काय वाटेल ते कर. पण हा माणूस मला दिवसभर घरात नको. चांगलाच आहे, पण संध्याकाळपुरता."

आईचं एक ठाम मत होतं की बाबांना सोयीचं तेवढंच ऐकू येतं. बातम्या ऐकू येतात, नळ गळतोय हे ऐकू येत नाही. ऐकावं जनाचं, करावं मनाचं असं म्हणतात, पण हे जनाचं ऐकतसुद्धा नाहीत, असं ती सगळ्या नातेवाइकांना हौसेने सांगायची. मलाही ते पटायचं. घरात आम्ही दोघी या विषयावर पोट धरून हसायचो, आणि बाबाही आमच्याबरोबर हसायचे.

मला तोडगा साधा वाटत होता. नवा हॅमर सरस ठरला, तर बाबांनीच त्याच्या केबिनमध्ये बसावं. पाहुणा आठवडाभरात शिकवून देईल, मालकांचीही तयारी होती. मी बाबांसमोर बसून हे सांगितलं. त्यांनी एकेक कारण पुढे केलं. बटणं दाबायला ते काय लिफ्टवाले आहेत? केबिनमध्ये एसी आहे, त्यांना सर्दी होते. खुर्ची फिरते, त्यांना गरगरतं.

"आणि आवाजच नाही आला तर पाइल गेला हे कळणार कसं?"

"स्क्रीनवर दिसतं, बाबा."

"स्क्रीनवर काय, काहीही दिसतं."

पालथ्या घड्यावर पाणी. मी नाद सोडला.

पहिली पाळी बाबांच्या हॅमरची. डिझेलचा हॅमर चालू असताना साइटवर तोंडाचा उपयोग फक्त तंबाखू ठेवायला होतो. सगळा कारभार हातांनी चालतो, आणि तो कारभार बघायचा आमच्या सिग्नलने. हा उंचापुरा, लांब हातांचा माणूस दिवसभर बाबांच्या समोर उभा राहून हात वर, हात खाली, मूठ बंद असं करत असतो. बाबा त्याच्यावरून नजर हलवत नाहीत.

जमिनीचा वरचा थर मऊ निघाला आणि हॅमरने आपली खोड दाखवली. एक दणका, एक खोकला, गप्प. वजन पुन्हा दोराने ओढा, पुन्हा सोडा. पुन्हा खोकला. बाबा कावले. "माती आहे की लोणी!" ते ओरडले. नेमका तेव्हा हॅमर गप्प होता म्हणून सगळ्यांना ऐकू गेलं.

"नाचता येईना, अंगण वाकडं," मी त्यांच्या मागून म्हटलं. माणसं हसली. बाबांनी लक्षच दिलं नाही. मला वाटलं, रागावले.

मग पाइल खालच्या कडक थराला टेकला आणि हॅमर जो सुटला तो सुटलाच. काळा धूर, तेलाचे शिंतोडे, छातीत घुमणारे दणके. समोरच्या सगळ्या खिडक्या फटाफट बंद झाल्या. बाबांचा चेहरा असा काही फुलला होता की मी माझ्या आकड्यांकडे बघायचं विसरले. आकडेही वाईट नव्हते. कडक जमिनीत म्हातारा अजून कुणाला हार जाणारा नव्हता. म्हातारा म्हणजे हॅमर.

दुसरी पाळी पाहुण्याची. त्याने मऊ मातीत हलके दणके द्यायला सुरुवात केली, जमीन जशी घट्ट होत गेली तशी ताकद वाढवत नेली. हॅमर कुठे अडला नाही, खोकला नाही. माझ्या सेन्सरवर दणक्यातली बहुतेक सगळी ताकद पाइलला मिळताना दिसत होती. आणि आवाज? शेजारच्या घरात कुणी दार आपटत असावं, एवढाच.

त्यामुळे एक विचित्र गोष्ट घडली. साइटवर माणसं बोलायला लागली. वर्षानुवर्षं एकत्र काम केलेल्या या लोकांनी एकमेकांचा आवाज कामाच्या वेळी पहिल्यांदाच ऐकला असावा. कुणाच्या सासूची गोष्ट, कुणाच्या मोटारसायकलची. सिग्नल हाताची घडी घालून उभा होता, कारण पाहुण्याच्या कानाला वॉकीटॉकी होता आणि मुकादम त्यात बोलून काम सांगत होता. सिग्नलचा आवाज इतका बारीक आहे हे मला तेव्हा कळलं. आम्ही त्याला त्यावरून पिडलं, तोही पिडू देत होता.

बाबा बाजूला लाकडी ओंडक्यांवर बसले होते. सगळे हसले की तेही हसायचे, जरा मागाहून. मला वाटलं, हरतायत, म्हणून उसनं हसू आणतायत. थोडी दया आली आणि थोडी गंमतही वाटली.

पाइलच्या डोक्यावरची लाकडाची गादी बदलायची म्हणून काम थांबलं. पाहुणा खाली उतरला, बाबांच्या शेजारी बसला, आणि त्याने त्याच्या कंपनीतल्या साहेबाचे दोन किस्से सांगितले. आम्ही हसून हसून बेजार झालो. मग त्याचा फोन वाजला. तो दोन वाक्यं बोलला, फोन खिशात ठेवला, आणि चेहऱ्यावरचं मघाचं हसू पुरतं मावळायच्या आत म्हणाला, "घरून होता. आईला दवाखान्यात नेलंय. डॉक्टर म्हणतायत, काही सांगता येत नाही."

बाबा मोठ्याने हसले. पाहुण्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "वा रे वा! झकास!"

पाहुणा त्यांच्याकडे बघतच राहिला. माझं डोकं असं तडकलं की मी सगळ्यांसमोर ओरडले, "बाबा! लाज वाटत नाही? हॅमर हरला म्हणून एवढं?"

बाबा माझ्याकडे बघत होते. डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे. मग त्यांनी एकेकाच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि त्यांचं हसू विरलं.

"काय झालं?" त्यांनी विचारलं. "काय म्हणाला तो?"

मी त्यांच्यापासून दोन हातांवर होते. पाहुणा तर त्यांना चिकटून बसला होता. मी पुढे गेले, वाकले, आणि तेच वाक्य त्यांच्या चेहऱ्यासमोर, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. बाबांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी पाहुण्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. "चुकलो रे बाळा," एवढंच म्हणत राहिले. मग तेच उठले, मालकांकडे गेले आणि पाहुण्याला गाडी देऊन लगेच घरी पाठवायला लावलं. उरलेला पाइल मुकादमाने मालकांच्या परवानगीने दुसऱ्या दिवसावर टाकला, आणि पाहुण्याच्या जागी कंपनीचा दुसरा माणूस येऊन तो ठोकून गेला.

त्या संध्याकाळी माणसं गेल्यावर मी बाबांसमोर बसले. शेजारी नाही, समोर.

"किती ऐकू येतं?" मी विचारलं.

"डावा गेला. उजव्यात थोडं आहे." ते नेहमीच्याच मोठ्या आवाजात बोलत होते, आणि तो आवाज मोठा का हे मला इतक्या वर्षांनी कळत होतं. "टीव्हीवर खाली अक्षरं येतात. घरी तुम्ही हसलात की हसतो. भागतं."

"सांगितलं का नाही?"

"सांगितलं होतं. तुझ्या आईला दोनदा. ती म्हणाली, बरं झालं, आता बातम्या बंद करा." ते हसले. मला हसू आलं नाही. आई तसं म्हणाली असणारच, आणि मी तिथे असते तर खिदळले असते.

"आणि म्हणून नवा हॅमर नको?"

बाबांनी पाहुण्याच्या हॅमरकडे बघितलं. "हॅमर चांगला आहे गं. माझ्यापेक्षा चांगला आहे, मला काय दिसत नाही का? पण तिथे सगळे बोलतात." ते थांबले. "माझ्या हॅमरखाली कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही. तिथे मी सगळ्यांसारखाच असतो."

मी त्यांच्या हॅमरची धुरात गेलेली ताकद मोजली होती, लाकडात मुरलेली मोजली होती. हा माणूस रोज सकाळी डबा घेऊन इतक्या लगबगीने इथे का येतो, याचा विचार मी कधी केला नव्हता.

"मी रिपोर्टमध्ये काय लिहू?" मी विचारलं.

ते खरंच रागावले. "काय म्हणजे? दिसलं ते लिही. समोर माणसं आजारी पडलेली आहेत."

मी दिसलं ते लिहिलं. कडक थरात दोन्ही हॅमर तोडीस तोड, मऊ थरात हायड्रॉलिक कितीतरी सरस, आणि दणक्यातली ताकद पाइलला पोचवण्यात तर स्पर्धाच नाही. मालकांनी वाचलं आणि ट्रक मागवून डिझेलचा हॅमर यार्डात पाठवायला सांगितलं.

ट्रक आला त्या सकाळी मालकांनी सगळ्यांना साइटवरच्या पत्र्याच्या ऑफिससमोर जमा केलं. पाहुणाही परत आला होता. त्याच्या आईचं दुखणं निभावलं होतं, आणि त्याने बाबांना आल्या आल्या खूण करून तसं सांगितलंही होतं. मालक म्हणाले, "नवा हॅमर वस्तादच चालवतील अशी माझी इच्छा आहे," आणि त्यांनी वॉकीटॉकी बाबांच्या पुढे धरला.

बाबांनी तो घेतला नाही. मला वाटलं, आता निघाले घरी. आईचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर आला.

बाबा माणसांकडे वळले. "एक सांगायचंय," ते म्हणाले. "मला ऐकू येत नाही. एक कान पूर्ण गेला, दुसरा जायच्या वाटेवर आहे. हे डबडं माझ्या काही कामाचं नाही. सिग्नल समोर उभा राहणार असेल तर मी चालवतो. नाहीतर राम राम. आणि आजपर्यंत लपवलं, त्याबद्दल माफ करा."

समोरच्या दवाखान्याच्या दारात कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिची पिपाणी वाजत होती. मग पाठीमागून सिग्नलचा तो बारीक आवाज आला. "वस्ताद, लपवलं कुणापासून? आम्हाला कधीचं माहीत आहे!"

सगळे खळखळून हसले. बाबांना वाक्य ऐकू गेलं नव्हतं, त्यांना फक्त हसणारी तोंडं दिसली. त्यांचा हात नकळत शर्टाचं बटण चाचपायला लागला. ते माझ्याकडे वळले, आणि लहान मुलाने विचारावं तसं त्यांनी नजरेनेच मला विचारलं.

मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "सिग्नल म्हणतोय, त्यांना माहीत होतं."

"सगळ्यांना?"

मी सिग्नलकडे बघितलं. तो पुढे आला. "ताई, सांगा त्यांना, म्हणून तर आम्ही कुणी त्यांच्या पाठीमागून जात नाही. मागून हाक मारून उपयोग नाही ना. चिखल असला तरी पुढून फिरून जातो. नवा माणूस आला की पहिल्या दिवशी त्याला आम्ही हेच सांगतो, हेल्मेट घाल आणि वस्तादांच्या पुढून जा."

मी सगळं सांगितलं, चिखलासकट. बाबांनी एकेकाकडे बघितलं. सगळे अवघडून आपापल्या बुटांकडे बघत होते, कारण त्यांच्याकडे इतका वेळ कुणी असं कधी बघितलं नव्हतं. बाबांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसायचा प्रयत्नही केला नाही.

"आणि तुला?" त्यांनी मला विचारलं. "तुला माहीत होतं?"

"नाही," मी म्हटलं. "आईला तर सांगूनही कळलं नाही. आम्हाला वाटायचं, तुम्ही मुद्दाम करता."

बाबांनी मान हलवली, जणू त्यांचाही अंदाज तसाच होता. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि नव्या हॅमरच्या केबिनकडे निघाले. शिडीच्या पहिल्या पायरीवर थांबून मागे वळले.

"आज संध्याकाळी आईला तूच सांग," ते म्हणाले. "माझं ती ऐकून घेत नाही."